जंत आणि बियांची तेले



सोलापूरच्या बाजारात काष्ठौषधींच्या एखाद्या जुन्या दुकानी जाऊन ‘मुलाला जंत झाले आहेत, काही द्या’ एवढेच म्हटले, तर दुकानदार बहुधा मुलाचे वय विचारण्यापूर्वीच वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा अशा दोनतीन पुड्या पुढे करील. आणि गिऱ्हाईक जरा चोखंदळ दिसले, तर करंजाच्या किंवा कडुनिंबाच्या तेलाची बाटलीही फळीवरून खाली उतरेल. या पुड्या आणि या बाटल्या यांपैकी कशाने जंत खरोखर जातो, आणि तो गेला हे ठरवावयाचे कसे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय काहीसा किळसवाणा आहे. जेवणाच्या वेळी रेडिओ लावून बसलेल्या मंडळींची मी आधीच क्षमा मागतो.

‘जंत’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण तेवढ्या एका शब्दात निरनिराळ्या स्वभावाचे चारपाच पाहुणे दडलेले असतात. गोल जंत हा वीतभर लांबीचा, मातीतून व न धुतलेल्या भाजीतून अंड्यांच्या रूपाने पोटात जाणारा. सुतासारखा बारीक कृमी रात्री मुलांची झोप मोडतो. पट्टकृमी हा पुष्कळ लांब, पण त्या मानाने विरळा. आणि या सर्वांत घातक तो अंकुशकृमी. हा तोंडावाटे येण्याची फारशी तसदी घेत नाही. ओलसर मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाच्या कातडीतून शिरतो, रक्तावाटे फुप्फुसात जातो, तेथून घशात व मग लहान आतड्यात पोचतो, आणि तेथे आतड्याला चिकटून वर्षानुवर्षे रक्त पीत राहतो. त्याला ओल, ऊब आणि सावली लागते. आपला सोलापूरचा कोरडा, तापणारा मुलूख त्याला कोकणाइतका मानवणारा नव्हे. परंतु १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यापासून जिल्ह्यातील पुष्कळ जमीन कालव्याखाली आली आहे, आणि उसाच्या ओल्या सरीत अनवाणी उभे राहणाऱ्यांना जुन्या कोरडेपणाचा भरवसा देता येणार नाही.

आता औषधांकडे वळू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींची चिकित्सा तीन पायऱ्यांनी सांगितली आहे: अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे त्याला पोटात राहणे अशक्य करणे, आणि निदानवर्जन, म्हणजे ज्यामुळे तो झाला ते टाळणे. याच अध्यायात बिब्ब्याचे तेल काढण्याची कृती आहे. बुडाला भोके पाडलेल्या मडक्यात बिब्बे कुटून भरावयाचे, ते मडके जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर ठेवावयाचे, भोवती शेण्या रचून पेटवावयाच्या, आणि खाली टिपकणारे तेल वावडिंगाबरोबर वापरावयाचे. ज्याच्या थेंबाने कातडीवर फोड येतो त्या बिब्ब्याचे तेल जंतावर योजावे असे त्या लोकांना वाटले, यात एक मोठी खूण आहे. जंताला जे सोसवत नाही ते माणसालाही पुष्कळदा सोसवत नाही. औषध आणि विष यांच्यामधली वाट किती रुंद आहे, हाच या विषयातील कळीचा प्रश्न होय.

तेल म्हटले की आपल्यासमोर करडई किंवा शेंगदाणा येतो. सोलापूरच्या माणसाला तर करडईचे तेल सांगावयास नको. येथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनकेंद्रात करडईवर दीर्घकाळ काम होत आले आहे. हे स्थिर तेल. कागदावर पडले की त्याचा डाग राहतो. ते अन्न आहे, त्याने जंत मरत नाही. एरंडेलही स्थिर तेलच, पण त्यातील आम्लाने आतडी चाळवतात आणि कोठा साफ होतो. त्याने जंत पडलाच तर तो धक्क्याने पडतो, मरून नव्हे. दुसरी जात उडणाऱ्या तेलांची. ओवा चुरडला की जो वास नाकात जातो ते हे तेल. कागदावर टाकले तर थोड्या वेळाने ते डागासकट नाहीसे होते. जंतावर ज्या बियांच्या तेलांनी खरे नाव कमावले, ती बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत.

त्यांत पहिला मान आपल्या ओव्याचा. ओव्याच्या बियांत शंभरास दोन ते चार भाग उडणारे तेल असते, आणि त्या तेलाचा बराच मोठा हिस्सा म्हणजे थायमॉल. बाजारात त्याच्या पांढऱ्या खड्यांना ओव्याचे फूल म्हणतात. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातून गोटहार्डचा बोगदा खणणारे मजूर पांढरेफटक पडून मरू लागले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमींचे थवे सापडले, आणि तूरिन येथील वैद्य बोत्सोलो यांनी थायमॉल देऊन ते पाडता येतात हे दाखविले. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातला ओवा पोत्यांनी जर्मनीस जाई आणि तेथे त्याचे थायमॉल होऊन जगभर विकले जाई. युद्धामुळे ती वाट बंद झाली, तेव्हा कोठे ते येथे बनू लागले. बी आपले आणि भट्टी परक्याची, ही कथा कापसाच्या गावाला निराळी समजावून द्यावी लागणार नाही.

थायमॉलच्या वापरात एक नियम फार कडकपणे पाळला जाई, आणि तो प्रत्येक गृहिणीने ऐकण्यासारखा आहे. औषधाच्या दिवशी रोग्याला तेल, तूप, लोणी किंवा दारू यांतले काहीही द्यावयाचे नाही, आणि जुलाबासाठी एरंडेल तर मुळीच नाही. द्यावयाचे ते खारट रेचक. कारण असे: थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून ते आतड्यातच राहून जंताला भिडते. तेलात ते झटकन विरघळते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते, आणि मग जंताऐवजी रोगीच धोक्यात येतो. चमचाभर एरंडेल हे आपल्याकडे निरुपद्रवीपणाचे प्रतीक. पण औषधाच्या जोडीला ते आले की हिशेब पालटतो. उलट, ज्या दुसऱ्या तेलाची गोष्ट पुढे येणार आहे त्याच्यानंतर एरंडेल देण्याचा प्रघात होता. म्हणजे एका औषधाची पथ्ये दुसऱ्याला लावून चालत नाही.

औषध लागू पडले की नाही हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी चिकाटीने हाती घेतला, त्यांत एक नाव मराठी आहे. डॉ. के. एस. म्हसकर यांच्याकडे मद्रास इलाख्यातील अंकुशकृमींच्या चौकशीचे काम होते. त्यांच्या जोडीला फादर जे. एफ. कायस हे जेझुइट पंथाचे रसायनज्ञ होते; हे कायस पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत औषधशास्त्रज्ञ म्हणून होते. १९१९ पासून पुढे काही वर्षे या दोघांची एक लांबलचक लेखमाला ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या त्रैमासिकात येत राहिली. तिच्या नावातच तिचा उद्देश होता: जंतांवरील औषधांची रासायनिक घडण आणि त्यांचा रोग्याला होणारा गुण यांचा मेळ बसतो की नाही ते पाहणे. एखादे तेल चांगले म्हणावयाचे, तर त्यातील कोणत्या घटकामुळे? आणि तो घटक वेगळा काढून दिला तर गुण तेवढाच येतो काय? प्रश्न साधे दिसतात. पण त्यांचे उत्तर माणसांच्या पोटातून काढावयाचे होते.

त्या काळची कसोटी अशी होती. रोग्याला औषध द्यावयाचे. नंतरचे दोनतीन दिवस त्याचा सर्व मळ जमा करून जाळीवर धुवावयाचा. पडलेले कृमी एकेक करून मोजावयाचे. मग आत किती उरले हे कळण्यासाठी खात्रीचे औषध पुन्हा द्यावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे. पहिल्या वेळी ऐंशी पडले आणि मागाहून वीस, तर पहिल्या औषधाला शंभरांत ऐंशी गुण. रोग्याला हुशारी वाटली, भूक लागली, आई म्हणाली की पोर आता दात खात नाही, या सगळ्याला त्या जमाखर्चात एक पैही जमा नाही. ‘त्या तेलाने आमच्या मुलाचे जंत पडले’ असे कोणी सांगितले की ते खरेच असते. परंतु किती पडले आणि किती राहिले हे विचारल्यावाचून त्या सांगण्यातून पुढचा निष्कर्ष निघत नाही. जाळीवर मळ धुऊन सुताएवढे कृमी मोजणारी माणसे कोणत्याही देशाच्या स्तुतिस्तोत्रांत क्वचितच आढळतात. मला मात्र त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

याच म्हसकर-कायस जोडीने पुढे सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो देशी वनस्पती तपासून १९३१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि विष उतरविणारी अशी एकही ठरली नाही. पण ही माणसे देशी औषधांची वैरी होती असे कोणी समजू नये. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथाची १९३३ पासून निघालेली दुसरी आवृत्ती सुधारून वाढविणाऱ्या तिघांत हे दोघे होते. तिसरे फादर ब्लॅटर. ज्याला एखाद्या गोष्टीची आस्था असते, तोच तिची कसून परीक्षा घेतो.

आता ते दुसरे तेल. आपल्या चाकवताच्या जवळच्या नात्यातील एका उग्र वासाच्या अमेरिकन झुडपाच्या बियांवरून व शेंड्यांवरून वाफ नेऊन चेनोपोडियमचे तेल काढीत. सुमात्रा बेटात शुफ्नर आणि फेर्फोर्ट या वैद्यांनी १९१३ च्या सुमारास ते अंकुशकृमीवर थायमॉलपेक्षा सरस असल्याचे दाखविले, आणि पुढील दहा वर्षांत ते पृथ्वीभर पसरले. १९२० नंतर मद्रास इलाख्यात रॉकफेलर प्रतिष्ठानाने अंकुशकृमींविरुद्ध मोहीम चालविली, तेव्हा हेच तेल त्या काळच्या प्रमुख हत्यारांपैकी एक होते. त्यातला कर्ता घटक आस्कॅरिडोल. हा पदार्थ असा तापट आहे की नुसता तापविला तरी स्फोट होतो. गुण खरा होता, पण वाट अरुंद होती. औषधाचे काही थेंब जास्त झाले, किंवा अशक्त मुलाला नेहमीचेच दिले, की भोवळ, बहिरेपणा, झटके. आणि मृत्यूही घडले. निरनिराळ्या पिकांच्या तेलात आस्कॅरिडोल कमीजास्त असे, त्यामुळे एका बाटलीतले दहा थेंब आणि दुसरीतले दहा थेंब सारखे नसत. १९२१ साली अमेरिकेत मॉरिस हॉल यांनी निराळे रासायनिक द्रव्य पुढे आणले आणि या तेलाचा मान हळूहळू उतरला. म्हणजे हे तेल गुणहीन ठरून गेले नाही. त्याची मात्रा हातात राहीना, म्हणून गेले.

पळसाची हकीकत याहून आपल्या घरची. सोलापूरकडे पळस पत्रावळींसाठी ठाऊक आहे, आणि त्याची चपटी बी पळसपापडी म्हणून विकली जाते. तिच्यात शंभरास अठराच्या आसपास स्थिर तेल निघते, पण जंताशी लढणारा घटक निराळाच निघाला. १९६७-६८ च्या सुमारास त्याची ओळख पटली, नाव पॅलसोनिन. त्याची घडण पाहिली तेव्हा रसायनज्ञांनाही नवल वाटले असले पाहिजे. कारण कातडीवर फोड आणणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या विषाचा, कँथरिडिनचा, तो अगदी सख्खा भाऊ होता. चरकाच्या बिब्ब्याची येथे पुन्हा आठवण होते. पळसपापडीची पूड लिंबाच्या रसात कातडीला लावली की आग होते हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. त्या आगीचे कारण कळावयास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

(जाता जाता डाळिंबाविषयी दोन शब्द. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधनकेंद्रही आहे. त्याच्या मुळाच्या सालीतील पेलेटिएरिन हे एके काळी पट्टकृमीवरचे नावाजलेले औषध होते. पण ती साल, बियांचे तेल नव्हे. म्हणून आज तिला बाजूला ठेवू.)

अलीकडे औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून बियांच्या तेलांची परीक्षा पुष्कळ ठिकाणी होते, आणि बहुधा ती गांडुळावर होते. काचेच्या बशीत गांडूळ, त्यावर तेलाचे पाण्यात मिसळलेले मिश्रण, हातात घड्याळ. गांडूळ किती मिनिटांत लुळे पडले आणि किती मिनिटांत मेले, हे टिपावयाचे. शेजारच्या बशीत तुलनेसाठी अल्बेंडाझोल. विद्यार्थ्यांचे कष्ट प्रामाणिक असतात. गांडूळ स्वस्त, निरुपद्रवी आणि कोठेही मिळणारे. परंतु या घड्याळात तीन दोष आहेत. गांडूळ कातडीने श्वास घेते. त्याच्या अंगावर कोणत्याही तेलाचा थर बसला तर ते गुदमरणारच. आपला गोल जंत मात्र आतड्यात जवळजवळ प्राणवायूवाचून सुखाने नांदतो. दुसरे असे की, तेल पाण्यात मिसळावे म्हणून जे साबणासारखे द्रव्य घालतात, ते स्वतः गांडुळाला काय करते हे वेगळे पाहिले पाहिजे. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे: अल्बेंडाझोल जंताला मिनिटांत मारीतच नाही. ते त्याला साखर घेऊ देत नाही, आणि तो हळूहळू उपाशी मरतो. तेव्हा दहा मिनिटांत गांडूळ मारणारे तेल ‘अल्बेंडाझोलहून प्रभावी’ असे लिहिणे म्हणजे कुऱ्हाडीने वाळवीच्या औषधाशी शर्यत लावण्यासारखे आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना एक सोपी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक प्रयोगात एक बशी साध्या करडईच्या तेलाची ठेवावी, त्याच साबणासह. त्या बशीतले गांडूळही तेवढ्याच वेळात मेले, तर परीक्षा तेलपणाची झाली, औषधाची नव्हे.

मग या तेलांवर पुन्हा श्रम घ्यावेत तरी कशासाठी? कारण माणसांत नसले, तरी मेंढ्यांत त्याचे उत्तर आहे. मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा हिमॉन्कस नावाचा रक्तपिपासू कृमी १९६४ पासूनच अल्बेंडाझोलच्या घराण्यातील औषधांना दाद देईनासा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि पुढे हा प्रकार जगातल्या बहुतेक मेंढीपालक देशांत पसरला. सांगोला-माळशिरसच्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगराला हा विषय पुस्तकी नाही. पावसाळ्यानंतर जबड्याखाली पाणी साचलेली, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू पांढरी पडलेली मेंढी त्याने पाहिलेली असते. तेथे बियांच्या एखाद्या तेलाने निम्मे कृमी कमी झाले तरी ते मोलाचे ठरू शकेल, आणि मोजण्याची रीतही तीच जुनी: उपचारापूर्वी आणि नंतर दोनएक आठवड्यांनी लेंड्यांतील अंड्यांची दर ग्रॅममागे गणती. चांगल्या औषधाने ती शंभरांत पंचाण्णवाहून अधिक उतरावी अशी अपेक्षा असते. त्याहून कमी उतरली, तर औषध बोथट झाल्याचा संशय घ्यावयाचा.

आणि मुलांचे काय? येथे मला थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तान्ह्या मुलाला दुधात वावडिंग उकळून देण्याची आपली चाल सौम्य आहे. त्या पाण्यात उतरते तरी किती! पण बाटलीतल्या तेलाची गोष्ट निराळी. १९८१ साली मलेशियातील वैद्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात काही तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. किरकोळ दुखण्यासाठी घरच्यांनी त्यांना कडुनिंबाच्या बियांचे तेल पाजले होते. काही तासांत वांत्या, गुंगी, धाप आणि झटके सुरू झाले. यकृत आणि मेंदू दोन्हींवर आघात झाला. काही मुले दगावली. पाजणारे हात आईचे किंवा आजीचेच होते, आणि त्यांच्या मनात मायेवाचून काही नव्हते.

जंतांसाठी आज इतके धाडस करण्याचे कारण उरलेले नाही. २०१५ पासून १० फेब्रुवारीचा दिवस राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळतात. बहुतेक ठिकाणी १० ऑगस्टलाही तो पुन्हा होतो. अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांच्या आतील मुलाला अर्धी, कुस्करून. मोठ्यांना चारशे मिलिग्रॅमची एक पुरी, चावून. त्या दिवशी मूल तापलेले किंवा आजारी असेल, तर तसे सांगून गोळी पुढे ढकलावी. थायमॉलच्या वेळचे सूत्र येथेही दिसते: ही गोळी आतड्यातून रक्तात फार थोडी जाते, आणि म्हणूनच आतड्यातल्या जंतावर ती सुखाने चालते. तुपातेलाच्या जड जेवणाबरोबर ती रक्तात कित्येक पटींनी अधिक उतरते. यकृतातील गाठीसारख्या दुखण्यावर वैद्य मुद्दाम तसे देतात, पण तो प्रांत त्यांचा.

एवढे सांगूनही एखाद्या घरी कडुनिंबाचे, करंजाचे किंवा असेच दुसरे तेल मुलाच्या पोटात गेलेच, आणि मूल सुस्त पडू लागले किंवा वांत्या करू लागले, तर त्याला घशात बोट घालून ओकवू नये. तेल फुप्फुसात जाण्याचे भय असते. तडक इस्पितळ गाठावे, आणि तेलाची बाटली, तिच्यावर चिठ्ठी असो वा नसो, बरोबर घ्यावी. किती चमचे आणि किती वाजता दिले, हे घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाने दिले त्यालाच बरोबर नेऊन डॉक्टरांपुढे सांगावयास लावावे.